पळालेल्या बाईचे बूट

१

पळून जाणारी बाई बूट घालून पळते. निदान ते घालण्यापुरता वेळ तरी काढते.

तपासनीस बाईंना हे सुचलं तेव्हा त्या लाँड्रीच्या दाराशी एका पायावर उभ्या राहून स्वतःचा बूट ओढत होत्या आणि दुखऱ्या गुडघ्याला मनातल्या मनात शिव्या देत होत्या. आतली फरशी दिवसभर ओली असते, म्हणून बाहेरचं पायताण आत न्यायचं नाही, असा इथला नियम. दाराजवळच्या मांडणीत प्रत्येकाचा एक खण आणि खणावर चिकटपट्टी. पट्टीवर नाव म्हणजे हाक मारायची ती हाक: थोरली, डागवाले काका, नवी. सगळ्यांचे बूट खणात, आणि सगळ्यांच्या पायात पांढऱ्या रबरी सपाता.

एका खणात तपकिरी रंगाचे, नाडीचे, बायकी बूट होते. बोट फिरवलं तर रेघ उठेल एवढी त्यांच्यावर धूळ. पट्टीवर लिहिलं होतं: धाकटी.

आणि धाकटी तर दीड महिन्यापूर्वी पळाली होती. मालकानं तसं रीतसर कळवलं होतं.

कायदा सरळ आहे. परदेशातून माणूस कामाला आणायचा तर मालकाला परवाना लागतो, आणि त्या माणसाला मालकाच्या नावाला बांधलेला परवाना लागतो. त्यानं मालक बदलायचा नाही, जागा बदलायची नाही, कामसुद्धा बदलायचं नाही. न सांगता गैरहजर राहिला तर मालकानं कार्यालयाला कळवायचं की पळाला. मग तपासनिसानं शेरा मारायचा. शेरा पडला की त्याचं नाव सीमेवरच्या यादीत जातं आणि या देशाचं दार त्याला जन्मात उघडत नाही. कुणाचं कुत्रं हरवलं तर लोक खांबाखांबावर फोटो लावतात. कामगार हरवला तर शेरा मारतात.

तो शेरा बाईंनी आज संध्याकाळपर्यंत मारायचा होता. असे शेरे त्यांनी आजवर खुर्चीत बसून, चहा पितापिता मारले होते. पण काल कार्यालयात एक फोन आला होता. बाईचा आवाज, म्हातारा, दर दोन शब्दांनंतर दम लागलेला.

"त्या लाँड्रीतली धाकटी... पळालेली नाही. जरा... जाऊन बघा."

कोण बोलतंय विचारायच्या आत फोन बंद झाला होता.

बाईंनी धाकटीचे बूट जिथल्या तिथे राहू दिले, पाहुण्यांसाठीच्या सपाता पायात अडकवल्या आणि त्या आत गेल्या.

२

मालकाची खोली वर होती. काचेतून खालची सगळी लाँड्री दिसायची: मोठी यंत्रं, वाफ, चादरींचे ढीग आणि ढिगांमागे वाकलेली डोकी.

"कशाला तसदी घेतलीत, मॅडम," मालक खुर्ची पुढे करत म्हणाला. "मी सगळं लिहून दिलंय. तरुण पोरगी. कुणीतरी भेटला असेल. गेली."

"कोण भेटला?"

"आता ते मी कसं सांगणार? खालचे लोक म्हणतात व्हॅनवाल्याशी हसून बोलायची."

"व्हॅनवाला कुठेय मग?"

"खालीच आहे." मालकानं टेबलावरचे कागद सारखे केले. "म्हणजे दुसरा कुणी असेल."

बाईंचं लक्ष त्याच्या मागच्या लोखंडी कपाटाकडे गेलं. कपाटाला कुलूप होतं.

"कामगारांचे पासपोर्ट यातच?"

"सांभाळायला दिलेत त्यांनीच. प्रत्येकाची संमती सहीनिशी आहे."

पासपोर्ट मालकानं ठेवू नये, असं कायदा म्हणतो. कामगारानं स्वखुशीनं दिला तर हरकत नाही, असंही कायदाच म्हणतो. ही खुशी कशी गोळा होते ते बाईंना पक्कं माहीत होतं. गेली वीस वर्षं त्या अशा कुलपांसमोर बसत आल्या होत्या आणि दर वेळी आलेला राग गिळून उठल्या होत्या.

"धाकटीचा दाखवा."

"तो घेऊन गेली ना ती. चोरून."

"कुलूपबंद कपाटातून पासपोर्ट काढला आणि दारातले बूट विसरली?"

मालक हसला. "घाईत माणूस काय काय विसरतो, मॅडम. आता मलाच बघा. आई अंथरुणाला खिळलेली आहे, घरी एजन्सीची नर्स ठेवलीय. तरी दिवसातनं एकदा जाऊन यावं लागतं, आणि निघताना रोज काहीतरी विसरतो. आज चष्मा. बरं, शेरा आज पडेल ना?"

बाई खाली उतरल्या. चादरींना इस्त्री करणाऱ्या भल्या मोठ्या रुळाशी एक मुलगी होती. नवी. हात भाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत कापड गुंडाळलेलं.

"कधी आलीस?"

"महिना झाला, मॅडम. धाकटीच्या जागेवर."

"अर्ज कधी केला होतास?"

"अर्ज? तो तर उन्हाळ्यात. मग डॉक्टर, पोलिसांचा दाखला... चार महिने गेले की. का? काही चुकलंय का माझं?"

"नाही ग. तुझं काही नाही चुकलं."

बाईंनी मनाशी हिशेब मांडला. पळालेल्या कामगाराच्या जागी दुसरा आणायची मुभा कायदा देतो, पण ते सोपस्कार चार महिन्यांच्या आत कुणाच्या बापाला जमत नाहीत. जागा रिकामी होऊन दीडच महिना झाला होता.

म्हणजे धाकटी पळणार हे मालकाला धाकटी पळायच्या आधीपासून ठाऊक होतं.

३

मागच्या दाराला व्हॅन लागली होती. व्हॅनवाला मळक्या कपड्यांच्या पिशव्या खाली फेकत होता. लांबलचक माणूस, आणि जीभ त्याच्याहून लांब.

"या मॅडम. ती माझ्याबरोबर पळाली म्हणे. आता मी पळालो असतो तर इथे पिशव्या कोण फेकतंय, हे काही कुणाला सुचत नाही."

"आवडायची का ती तुला?"

"सगळ्यांनाच आवडायची. गाणी म्हणायची. बेसूर." तो पुढच्या पिशवीला हात घालता घालता थांबला. "आता शांतता आहे."

"या पिशव्या कुठनं कुठनं येतात?"

"हॉटेलं. एक दवाखाना. बस."

त्यानं एक निळी पिशवी फेकली, ती बाईंच्या पायाशी येऊन उलगडली. आतून फुलाफुलांची चादर बाहेर आली. तिच्या कोपऱ्याला मुठीएवढी गाठ होती. गाठीवर आणखी एक गाठ.

"हॉटेलात हल्ली अशा चादरी घालतात?"

"असतात काही हौशी," असं म्हणून व्हॅनवाला पाठमोरा झाला.

बाई वाकून बघणार, एवढ्यात एक हात मध्ये आला. पाण्यानं सुरकुतलेला, नखं बारीक कापलेली. त्या हातानं चादर पिशवीत कोंबली आणि पिशवी उचलली.

"ही माझी," ती बाई म्हणाली. "मळके कपडे निवडायचं टेबल माझ्याकडे आहे."

ही थोरली. धाकटीची सख्खी बहीण. दोघी एकाच एजंटामार्फत, एकाच विमानातून आल्या होत्या. थोरलीची मुलगी मागे गावी होती. टेबलाच्या वर, भिंतीला, तिचा शाळेच्या कपड्यांतला फोटो चिकटवलेला होता. वाफेनं त्याच्या कडा वळल्या होत्या.

बाई तिच्या मागोमाग टेबलाशी गेल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, मी तुझ्या बहिणीचं वाईट करायला आलेले नाही. ती पळालेली नाही असा निरोप आलाय. तू केला होतास का फोन?"

"नाही."

"मग काय झालं तिचं?"

थोरलीनं हात थांबवले नाहीत. उशीचा अभ्रा उलटा केला, झटकला, टोपलीत टाकला. दुसरा घेतला.

"पळाली ती," ती म्हणाली.

"बूट टाकून?"

"पळाली, मॅडम. मारा तुमचा शेरा."

वीस वर्षांत बाईंनी खोटं बोलणारे मालक, एजंट, नवरे, सगळे पाहिले होते. सख्ख्या बहिणीला आपल्या तोंडानं फासावर द्यायला निघालेली बाई त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

आणि तिच्या मांडीवर, टेबलाआड, ती निळी पिशवी होती. ती उघडून थोरली कोपऱ्यातली गाठ सोडत होती. हळूहळू, नखानं, जणू आत काही जिवंत असावं.

४

डागवाले काका लाँड्रीच्या टोकाला, बाटल्यांच्या गराड्यात बसायचे. म्हातारा माणूस. या देशात सगळ्यांत आधी आलेला आणि परवान्याचं नूतनीकरण करता करता केस पांढरे झालेला.

"बसा. त्या स्टुलावर नको, ॲसिड सांडलंय."

बाई उभ्याच राहिल्या. काकांच्या समोर पांढऱ्या चादरींचा गठ्ठा होता आणि प्रत्येक चादरीच्या एका कोपऱ्याला गाठ होती.

"या गाठी कसल्या?"

"डागाच्या. आता या एवढ्या चादरीत मी डाग कुठे शोधत बसू? निवडणारीला डाग दिसला की त्याच्या जवळच्या कोपऱ्याला ती गाठ मारते. मी गाठ धरून डागापाशी जातो. साधा डाग असला तर एक गाठ. रक्त असलं तर गाठीवर गाठ."

"रक्ताला वेगळी का?"

"रक्त गरम पाण्यात गेलं की शिजतं. मग देव आला तरी निघत नाही. ते आधी थंडात टाकायचं, म्हणून लांबनंच कळायला हवं."

"या गाठी हॉटेलवालेच मारून पाठवतात?"

काका खो खो हसले. "हॉटेलवाले? ते चादरीत बूट गुंडाळून पाठवतात, मॅडम. चमचे पाठवतात. एकदा कवळी पाठवली. गाठ मारायला त्यांना काय पडलंय? ही आमच्या टेबलाची पद्धत. थोरली मारते. आधी धाकटी पण मारायची. तिला तर खोडच लागली होती. जेवताना तोंड पुसायच्या रुमालावर कालवण सांडलं तरी कोपऱ्याला गाठ. आम्ही चिडवायचो तिला."

हसता हसता काकांचा चेहरा एकाएकी बंद झाला. आपण काय बोलून बसलो, हे त्यांना कळलं होतं. बाईंना अजून कळलं नव्हतं.

काकांनी हातातली बाटली खाली ठेवली, वर काचेकडे पाहिलं आणि ओठ न हलवता म्हणाले, "मॅडम, तुम्ही चांगल्या दिसता, म्हणून सांगतो. शोधू नका तिला."

"का?"

"सापडेल."

५

बाई पुन्हा दारापाशी येऊन बसल्या. गुडघा ठणकत होता. समोर मांडणी, मांडणीत ते धुळीचे बूट.

बूट इथे आहेत. म्हणजे धाकटी या दारातून गेलीच नाही. ती सपाता घालून गेली. सपाता घालून माणूस फक्त मागच्या दारापर्यंत जातो, जिथे व्हॅन लागते. आणि कामाच्या सपातांनी व्हॅनमध्ये चढणाऱ्या बाईला वाटत असतं की आपण जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत येणार आहोत. ती पळाली नव्हती. तिला तासा-दोन तासांच्या कामासाठी कुणीतरी पाठवलं होतं. पाठवणारा असा, की ज्याला नाही म्हणता येत नाही. आणि तिच्या जागी दुसरी आणायची तयारी त्यानंच आधी करून ठेवली होती.

कुठे पाठवलं असेल?

डागाची गाठ निवडायच्या टेबलावर मारतात. बाहेरून येणाऱ्या कपड्यांना गाठ नसते. आणि व्हॅनमधून आत्ता, बाईंच्या डोळ्यांदेखत, टेबलाला न लागलेली एक चादर पडली होती. फुलाफुलांची, घरगुती. तिच्या कोपऱ्याला गाठ होती. गाठीवर गाठ. म्हणजे रक्त. या लाँड्रीत काम केलेल्या बाईशिवाय जगात कुणी त्या चादरीला तशी गाठ मारली नसती.

घरगुती चादर. रक्ताचे डाग. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ सोलवटते, जखमा होतात.

आणि फोनवरचा तो म्हातारा आवाज. बाहेरच्या माणसाला तिचं खरं नाव तरी माहीत असतं, नाहीतर काहीच माहीत नसतं. तो आवाज "धाकटी" म्हणाला होता. ज्या घरात तिनं स्वतःची ओळख याच नावानं करून दिली होती, त्या घरातून.

एजन्सीची नर्स. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. एवढं तोंडावर सांगितलं होतं त्यानं.

त्यांनी बूट चढवले, लाँड्रीला वळसा घालून त्या मागच्या दाराशी गेल्या आणि व्हॅनच्या पुढच्या सीटवर चढून बसल्या.

"चल. साहेबांच्या आईकडे."

व्हॅनवाल्याच्या हातातली पिशवी खाली आली.

"तू रोज निळी पिशवी आणतोस. तू काही सांगितलं नाहीस, मी काही विचारलं नाही. गाडी चालवायची एवढंच तुझं काम. चालव."

तो मुकाट्यानं बसला. निम्म्या वाटेत म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझं नूतनीकरण आहे, मॅडम. सही साहेबांची लागते."

बाईंनी शेऱ्याचा कागद पिशवीत आणखी आत सारला.

६

दार धाकटीनंच उघडलं. फाइलमधल्या फोटोपेक्षा बारीक. पायात पांढऱ्या रबरी सपाता.

बाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून ती भिंतीला टेकली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "ताईनं सांगितलं?"

"नाही. ताई म्हणते तू पळालीस."

"हं," धाकटी म्हणाली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

आतल्या खोलीतून आवाज आला. "कोण... आलंय ग?"

मालकाची आई उशांच्या ढिगाला रेलून बसली होती. देह असा उरलेलाच नव्हता, फक्त डोळे होते. बाईंना पाहून ते चमकले.

"आलात... का. मीच केला होता... फोन. ही बाथरूममध्ये गेली... तेव्हा. रोज रात्री रडते... मला झोप लागली... असं वाटतं तिला. म्हटलं, सरकारात सांगावं... सोडवतील."

"आजी!" धाकटी खाली बसली. "काय केलंत हो हे."

मग तिनं सांगितलं. साहेब म्हणाले होते, आईची नर्स सुट्टीवर आहे, दुपारपर्यंत तिच्याजवळ थांब. दुपारचे चार दिवस झाले. मग साहेब म्हणाले, आता तू कागदावर पळालेली आहेस. रस्त्यावर दिसलीस तर पकडतील. तोंड उघडलंस तर तुझ्या ताईचा परवाना माझ्याच हातात आहे. नर्सला पगार द्यावा लागतो, सुट्टी द्यावी लागते. पळालेल्या बाईला काहीच द्यावं लागत नाही.

"ताईला कळावं म्हणून गाठी मारत होतीस?"

धाकटीनं मान हलवली. "नाही हो. पहिल्या दिवशी सवयीनं मारली. दुसऱ्या दिवशी धुतलेली चादर परत आली, तिला इस्त्रीची घडी ताईच्या हातची. रुळावरची नव्हे, हातची. तेव्हा कळलं, तिला कळलंय."

दीड महिना दोघी बहिणी एवढंच बोलत होत्या. एकीनं गाठ मारायची, दुसरीनं सोडायची.

रहस्य सुटलं होतं. बाईंनी स्वतःची पाठ थोपटून घ्यावी असं कोडं, पण हात पाठीकडे जाईना. कारण पुढचं त्यांना तोंडपाठ होतं. नव्या तपासनिसांना त्याच ते शिकवायच्या.

पळाली म्हणावं, तर यादीत नाव आणि दार कायमचं बंद. पळाली नाही म्हणावं, तर ती इथे सापडली असं लिहावं लागणार. परवाना लाँड्रीचा आणि काम माणसाच्या शुश्रूषेचं. परवान्याबाहेर काम करणाऱ्या कामगाराला परत पाठवतात. त्याला बळजबरीनं कामाला लावलं होतं का, हे विचारायला त्या कलमात जागा नाही. दुसरा मालक शोधून द्यावा, तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. म्हणजे ज्यानं कोंडलं त्याच्याकडेच जाऊन हात पसरायचे.

आणि मालकावर कारवाई केली, तर त्याचा परवाना स्थगित. त्याच्या परवान्याला बांधलेले सगळेच परवाने त्याच दिवशी मेले. काका, व्हॅनवाला, नवी, थोरली. थोरलीची सलग नोकरीची मुदत पुढच्या उन्हाळ्यात पुरी होणार होती. मग तिला कायमचा परवाना मिळणार आणि मुलीला आणता येणार. नोकरी तुटली की सलगपणा तुटला, काकांसारखी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मालक मात्र दंड भरून बायकोच्या नावानं नवा परवाना काढणार. त्यालाही कायद्याची हरकत नाही.

कायद्यानं सगळ्यांची सोय पाहिली होती. जिच्यासाठी बाई आल्या होत्या, तेवढी एक सोडून.

"मग... सोडवणार ना?" आजींनी विचारलं.

बाईंनी धाकटीला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "एक गोष्ट राहते. तुझ्याजवळ पासपोर्ट नाही. अशा वेळी दोघा सहकाऱ्यांनी तुला समोर बघून ओळखावं लागतं, फोटोवर चालत नाही. त्यांनी ओळखलं तर तू सापडलीस. पुढे काय होईल ते ऐकलंसच."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर धाकटी पळालेलीच राहते, मालकावर काही येत नाही, आणि कागदावर तू कुणीच नाहीस."

धाकटीनं आजींची उशी सारखी केली. पाण्याचा पेला हाताशी ठेवला.

"ताईला विचारू," ती म्हणाली. "ती म्हणेल तसं."

७

लाँड्रीत यंत्रं चालू होती, पण माणसं थांबली होती. मालक जिन्यावरून उतरला आणि शेवटच्या पायरीवरच उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यांनी तेच सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. ओळखलं तर काय होईल, नाही ओळखलं तर काय. कुणाचं काय जाईल. सांगताना आपला आवाज त्यांना परका वाटत होता, नियमपुस्तिकेला तोंड फुटावं तसा.

"काका. ही कोण?"

डागवाल्या काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पोरीकडे बघत राहिले.

"नाही हो ओळखत. वय झालं माझं."

व्हॅनवाला छताकडे बघत म्हणाला, "मी फक्त पिशव्या ओळखतो."

नवीला विचारण्यात अर्थ नव्हता. तिनं धाकटीला कधी पाहिलंच नव्हतं. तरी तीही मान खाली घालून उभी होती, जणू ती जागा तिनं चोरली असावी.

बाई निवडायच्या टेबलाशी आल्या. "तू सांग."

थोरलीनं समोर पाहिलं. दोघींच्या मध्ये मळक्या चादरींचा ढीग होता. धाकटीनं ओठ घट्ट मिटले होते आणि तिचा हात, तिच्याही नकळत, ढिगातल्या वरच्या चादरीचा कोपरा चाचपत होता. तिथे कसलातरी डाग होता. तिनं गाठ मारली.

थोरलीनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही. बघायची गरज नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "माझी बहीण पळाली. ही कोण ते मला माहीत नाही."

मालकानं रोखलेला श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू आला.

बाई वळल्या. धाकटी त्यांच्या मागून चालू लागली. दारापर्यंत त्या पोचल्या असतील नसतील, तोच ओल्या फरशीवर सपातांचा चपचप आवाज आला. थोरली धावत येत होती. मांडणीपाशी थांबली. धाकटीच्या खणातले बूट काढून पदरानं खसाखसा पुसले, धूळ अगदी शिवणीतून काढली.

"मॅडम, तुमच्याबरोबरच्या बाईंच्या पायात धड काही नाही," ती म्हणाली. "हे कुणाचे तरी पडलेत इथे. बघा होतात का."

आणि ती खाली बसली. तिनं धाकटीच्या एका पायातली सपाता काढली, पाय आपल्या गुडघ्यावर घेतला, बूट चढवला. मग दुसरा. नाड्या बांधताना तिची बोटं घसरत होती, इतकी वर्षं गाठी मारलेली बोटं.

"बसले?"

"बसले."

"घट्ट नाहीत ना?"

"नाहीत."

थोरलीनं रिकाम्या सपाता उचलून छातीशी धरल्या आणि मागे न बघता ती टेबलाकडे गेली.

बाहेर व्हॅन चालू होती. बाईंच्या पिशवीत शेऱ्याचा कागद होता आणि संध्याकाळ व्हायला आली होती. धाकटी पायातल्या बुटांकडे बघत उभी होती. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा होता, आणि दोन्हीकडे जायला तिला जागा नव्हती.

"कुठे सोडू तुला?" बाईंनी विचारलं.

धाकटीनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

"आजींकडेच सोडा," ती म्हणाली. "त्यांची कूस बदलायची वेळ झाली."